नाव नोंदवले, हप्ता भरला का?

आरोग्यविम्याविषयी वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबर उजाडला की ठाणे आणि नवी मुंबईतून या सदराकडे एका ठरावीक विषयाची पत्रे येऊ लागतात. तो विषय म्हणजे अमेरिकेतील आरोग्यविम्याची खुली नोंदणी, अर्थात ‘ओपन एन्रोलमेंट’, म्हणजे विमा निवडण्यासाठी दरवर्षी आखून दिलेली मुदत. काही वाचकांची मुले तिकडे स्थायिक आहेत, तर काहींची नोकरीच ऐरोली किंवा महापे येथे बसून तिकडच्या विम्याचे कागद आणि आकडे जुळवण्याची आहे. मोसम संपून आकडे स्थिरावल्यावरच उत्तरे द्यावीत, म्हणून ही पत्रे बाजूला ठेवली होती. त्यांतील चार प्रश्न आणि आपल्या राज्यातील योजनेविषयीचा एक प्रश्न येथे घेतला आहे. पत्रांचा मजकूर संक्षिप्त केला असून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीत एडिसन येथे राहतात. जावयांची नोकरी गेली, त्याबरोबर कंपनीचा विमाही गेला आणि त्यांनी राज्याच्या विमा-बाजारपेठेतून विमा घेतला. डिसेंबरात ‘नोंदणी घटली’ असे वाचले आणि जानेवारीत ‘दोन कोटींहून अधिक लोकांनी विमा घेतला’ असेही वाचले. दोन्ही खरे कसे असेल? आणि मुळात विमा घ्यायला अशी मुदत कशासाठी? (एक वाचक भगिनी, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आधी मुदतीविषयी सांगतो, कारण ती समजली की आकड्यांचे निम्मे कोडे सुटते. आपल्याकडे कंपनीच्या गटविम्यात आई-वडिलांचे नाव घालायचे असेल, तर ते सहसा वार्षिक नूतनीकरणाच्या वेळीच घालता येते. वडिलांना शस्त्रक्रिया सांगितली म्हणून मध्येच ऑगस्टमध्ये नाव घाला, असे म्हणता येत नाही. आजार अंगावर आल्यावरच विमा घेण्याची मुभा असती, तर निरोगी माणसांनी हप्ता भरलाच नसता आणि विम्याच्या निधीत केवळ आजारी माणसे उरली असती. अमेरिकेच्या २०१० च्या ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’ या कायद्याने, ज्याला लोक ‘ओबामाकेअर’ म्हणतात, जुना आजार आहे म्हणून विमा नाकारण्यास किंवा जास्त हप्ता घेण्यास कंपन्यांना मनाई केली. एवढे मोठे संरक्षण दिल्यावर नाव नोंदवण्याचा काळ आखून देणे भागच होते. या काळाबाहेर नोकरीबरोबर विमा जाणे, लग्न होणे, मूल जन्माला येणे, दुसऱ्या राज्यात राहायला जाणे अशा प्रसंगी ६० दिवसांची विशेष मुदत मिळते.

आता आकड्यांकडे येऊ. विमा-बाजारपेठ म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या योजना एकाच ठिकाणी पाहून निवडण्याची सरकारी सोय. या बाजारपेठा दोन प्रकारच्या आहेत. ज्या राज्यांनी स्वतःची बाजारपेठ उभारलेली नाही, त्यांच्यासाठी तिकडच्या केंद्र सरकारचे ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ आहे. बाकीची राज्ये आपापली बाजारपेठ चालवतात. न्यू जर्सी २०२१ च्या विम्यापासून स्वतःच्या ‘गेट कव्हर्ड न्यू जर्सी’वर गेली. अलीकडच्या वर्षांत केंद्राच्या संकेतस्थळाची मुदत १ नोव्हेंबर ते १५ जानेवारी आणि न्यू जर्सीची ३१ जानेवारीपर्यंत राहिली आहे. विमा १ जानेवारीपासून सुरू व्हायचा असेल, तर केंद्राच्या संकेतस्थळावर १५ डिसेंबरपर्यंत निवड करावी लागते. त्यामुळे डिसेंबरातला कोणताही एकूण आकडा हा धावत्या गाडीतून घेतलेल्या छायाचित्रासारखा असतो. त्यावरून वर्ष बरे गेले की वाईट, हे ठरवणे घाईचे ठरते.

तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा मात्र याहून खोल आहे. या मोसमात जाहीर होणारा आकडा ‘योजना निवडलेल्या’ माणसांचा असतो. निवडलेली योजना पहिला हप्ता भरल्यावरच लागू होते, आणि हप्ता भरलेल्यांची मोजणी नंतर, वेगळ्या अहवालात येते. २०१७ च्या विम्यासाठी सुमारे १ कोटी २२ लाख लोकांनी योजना निवडल्या होत्या. त्या वर्षी फेब्रुवारीत प्रत्यक्ष लागू असलेला विमा १ कोटी ३ लाख लोकांचा होता. मधल्या १९ लाखांपैकी कोणाला दुसरीकडे नोकरी लागली असेल, कोणी मन बदलले असेल आणि कोणाला हप्ता झेपला नसेल. नोंदणीच्या आकड्यात ते सारे मोजले गेले. विमा लागू असलेल्यांत त्यांची गणना झाली नाही.

सरकारचीही यात एकदा मोठी चूक झाली आहे. पहिल्या वर्षी, म्हणजे २०१४ साठी, ८० लाख लोकांनी योजना निवडल्या. पुढे सप्टेंबरात, ऑगस्टच्या मध्यापर्यंत हप्ता भरणारे ७३ लाख असल्याचे सांगण्यात आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये संसदेच्या समितीने आकडे तपासले, तेव्हा त्यात केवळ दातांचा विमा असलेल्या सुमारे ४ लाख नोंदी मिसळलेल्या आढळल्या. एकाच माणसाचा आरोग्यविमा एकदा आणि दंतविमा पुन्हा एकदा असा मोजला गेला होता. सरकारला चूक मान्य करून आकडा ७० लाखांच्या खाली आणावा लागला. त्या ४ लाखांनी कायद्याचे यश किंवा अपयश ठरणार नव्हते. पण विरोधकांना ‘आकडे फुगवले’ असे म्हणण्याची संधी मिळाली आणि ऑक्टोबरपर्यंतच्या खऱ्या ६७ लाख विमाधारकांची गोष्ट त्या गदारोळात हरवली, याचे मला आजही वाईट वाटते.

गेल्या काही वर्षांची चढण मोठी आहे. २०२० साठी १ कोटी १४ लाख, २०२२ साठी १ कोटी ४५ लाख, २०२४ साठी २ कोटी १४ लाख आणि २०२५ साठी २ कोटी ४० लाखांच्या वर लोकांनी योजना निवडल्या. याचे मुख्य कारण मार्च २०२१ च्या कायद्याने वाढवलेले हप्त्यावरील अनुदान हे होते. त्याआधी दारिद्र्यरेषेच्या चौपटीपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला काहीच मिळत नसे. नव्या तरतुदीने प्रमाणभूत योजनेचा हप्ता उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांवर जाणार नाही, अशी सोय केली. ही वाढीव मदत २०२५ अखेर संपली. २०२६ साठीची निवड २ कोटी ३० लाखांच्या आसपास राहिली. म्हणजे ‘घटली’ ही बातमी आधीच्या वर्षाच्या तुलनेत खरी होती आणि ‘दोन कोटींहून अधिक’ ही बातमी एकूण म्हणून खरी होती. मात्र ‘विमा घेतला’ हे शब्द दोन्हींत सैल होते. ज्यांची योजना डिसेंबरात आपोआप पुढे चालू झाली, त्यांच्या हाती वाढलेले बिल जानेवारीत पडले. अनुदान घेणाऱ्या जुन्या ग्राहकाला हप्ता थकल्यावर तीन महिन्यांची सवलत असते, म्हणून या गळतीचा पुरता अंदाज वसंत ऋतू उलटल्यावरच येतो.

मुलीला एवढेच विचारा की पहिला हप्ता विमा कंपनीकडे जमा झाल्याची पावती आणि विम्याचे कार्ड हाती आले आहे का. राज्याच्या संकेतस्थळावर ‘योजना निवडली’ असे दिसणे पुरेसे नाही.

प्रश्न : मी ऐरोलीतील एका कार्यालयात काम करतो. अमेरिकेतील राज्यांच्या खुल्या नोंदणीचे आकडे दर आठवड्याला गोळा करून एका तक्त्यात मांडणे, हे आमच्या गटाचे काम आहे. गेल्या मोसमात एका राज्याचा एकूण आकडा आधीच्या आठवड्यापेक्षा कमी आला. वरिष्ठांना ती टंकनाची चूक वाटली आणि त्यांनी जुनाच आकडा ठेवायला सांगितले. असे करणे योग्य होते का? तक्ता ठेवताना आणखी काय पाहावे? (एक तरुण वाचक, ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : योग्य नव्हते. एकूण आकडा कधीच खाली येणार नाही, हे गृहीतकच चुकीचे आहे. जाहीर होणारी बेरीज निव्वळ असते, म्हणजे त्या दिवसापर्यंत निवडलेल्या योजनांतून त्या दिवसापर्यंत रद्द केलेल्या योजना वजा केलेल्या असतात. जुन्या ग्राहकांची योजना बाजारपेठ एका दमात आपोआप पुढे चालू करते. त्यानंतरच्या आठवड्यांत काही जण ती रद्द करतात, आणि नवे येणारे कमी असतील तर बेरीज उतरते. तो उतार हीच त्या आठवड्याची बातमी असते आणि तुमच्या तक्त्याने ती पुसून टाकली. शंका आली तर नवा आकडा लिहावा, जुना खोडू नये आणि शेजारी शेरा लिहावा. मूळ प्रसिद्धिपत्रकाची प्रतही त्या दिवसाच्या तारखेसह जपून ठेवावी, कारण राज्ये आपले आकडे मागाहून दुरुस्त करतात आणि जुने पान पुन्हा सापडत नाही.

हे आपोआप नूतनीकरण सर्वांत जास्त फसवते. केंद्राच्या संकेतस्थळावर ते १५ डिसेंबरच्या मुदतीनंतर एकदम जमा होते. काही राज्ये ते मोसमाच्या आरंभीच धरतात. दोन्ही आकडे नोव्हेंबरच्या अखेरीस शेजारी ठेवले, तर दुसऱ्या प्रकारचे राज्य गेल्या वर्षाच्या ९० टक्क्यांवर पोहोचलेले दिसेल आणि पहिल्या प्रकारचे राज्य मागे पडलेले दिसेल, मग प्रत्यक्षात लोकांचा ओघ कसाही असो. म्हणून नवे ग्राहक, स्वतःहून परत आलेले जुने ग्राहक आणि आपोआप पुढे गेलेले ग्राहक हे तीन रकाने वेगळे असलेच पाहिजेत. एखादे राज्य हा तपशील देत नसेल, तर रकाना रिकामा राहू द्यावा. अंदाजाने भरू नये. लोकांची ओढ किती आहे, हे पहिल्या दोन रकान्यांतून कळते. पुढे या विभागणीचे महत्त्व आणखी वाढणार आहे, कारण जुलै २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार २०२८ च्या विम्यापासून अनुदान मिळवण्यासाठी आधी पात्रतेची पडताळणी करून घ्यावी लागेल आणि अनुदानासह आपोआप पुढे चालू राहण्याची वाट बंद होईल.

दुसरी खबरदारी दिवसांची. आठवडा रविवार ते शनिवार धरला, तर १ नोव्हेंबर २०२४ हा शुक्रवार होता, म्हणजे त्या मोसमाचा पहिला ‘आठवडा’ दोन दिवसांचा होता. १ नोव्हेंबर २०२५ हा शनिवार होता, म्हणजे पहिला ‘आठवडा’ अवघ्या एका दिवसाचा होता. या दोहोंची तुलना करून ‘पहिल्याच आठवड्यात नोंदणी निम्म्यावर’ असे लिहिणे किती सोपे आहे, ते पाहा. मोसमाच्या मध्याला हा फरक विरळ होतो (७ डिसेंबर २०२४ पर्यंत ३७ दिवस झाले होते आणि ६ डिसेंबर २०२५ पर्यंत ३६), पण मुदतीच्या तोंडाशी तो पुन्हा मोठा होतो. प्राप्तिकराची विवरणपत्रे भरताना आपण शेवटच्या दोन दिवसांत जी झुंबड पाहतो, तशीच १५ डिसेंबरला होते. २०२४ मध्ये ती तारीख रविवारी आली आणि २०२५ मध्ये सोमवारी. शनिवारी संपणाऱ्या आठवड्याने दोन्ही वर्षी मुदतीचा दिवस पुढच्या आठवड्यात ढकलला, आणि २०२५ मध्ये त्याबरोबर आदला रविवारही गेला. तेव्हा आठवड्याशी आठवडा न जुळवता दिवसाशी दिवस जुळवावा आणि ‘मोसमाचा कितवा दिवस’ तसेच ‘मुदतीला किती दिवस उरले’ हे दोन्ही तक्त्यात लिहावे. आकडा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे आणि तो कोणत्या तारखेला प्रसिद्ध झाला, हेही निराळे रकाने असावेत. केंद्राच्या एकत्रित पत्रकात राज्यांचे आकडे आणि केंद्राच्या संकेतस्थळाचे आकडे एकाच तारखेपर्यंतचे असतीलच, असे नाही.

तिसरी गोष्ट सीमारेषेची, आणि ती ठाण्याच्या माणसाला समजावून सांगावी लागू नये. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख होती आणि तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि सुमारे ३० लाख लोक ठाण्याच्या हिशेबातून बाहेर गेले. आज कोणी जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून ‘ठाण्याची वस्ती घटली’ असे म्हणाला, तर आपण त्याला थांबवू. अमेरिकेतील आकड्यांत हे वारंवार घडते. २०२० साठी केंद्राच्या संकेतस्थळावर सुमारे ८३ लाख लोकांनी योजना निवडल्या आणि २०२१ साठी सुमारे ८२ लाख लोकांनी. वरवर पाहता ही घट आहे. परंतु मधल्या काळात न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही राज्ये स्वतःच्या बाजारपेठेवर गेली होती. ती दोन्ही वर्षांतून वगळली की घटीच्या जागी सुमारे ७ टक्के वाढ दिसते. त्यानंतर २०२४ साठी व्हर्जिनिया, २०२५ साठी जॉर्जिया आणि २०२६ साठी इलिनॉय बाहेर पडले. त्यामुळे ‘केंद्राच्या संकेतस्थळाचा आकडा’ हा सलग रेषेने काढण्याजोगा राहिलेला नाही. दोन वर्षांची तुलना करण्याआधी दोन्हीकडे तीच राज्ये आहेत, याची खात्री करावी.

यानंतरच्या बाबी लहान असल्या तरी चुका त्यांतही होतात. आकडा माणसांचा आहे, अर्जांचा आहे की कुटुंबांचा, हे पाहावे. एका अर्जावर चार माणसे असू शकतात. केवळ दातांचा विमा घेणारे वगळले आहेत का, हे तपासावे. याचे कारण वरच्या उत्तरात आले आहे. न्यूयॉर्कमधील ‘इसेन्शियल प्लॅन’ आणि मिनेसोटातील ‘मिनेसोटाकेअर’ या कमी उत्पन्न गटासाठीच्या योजना राज्याच्या बाजारपेठेतूनच मिळतात, पण त्यांची मोजणी निराळी होते. न्यूयॉर्कमध्ये अशा लोकांची संख्या बाजारपेठेतील नेहमीच्या विम्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठी आहे. राज्याच्या पत्रकात सर्वांची एकत्र बेरीज दिलेली असेल आणि तुम्ही ती तशीच उचलली, तर संपूर्ण देशाचा आकडा फुगेल. आणखी एक साधी गोष्ट, जी मराठी मजकुरात मला पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागते : एक मिलियन म्हणजे दहा लाख. २४ मिलियन म्हणजे २ कोटी ४० लाख होतात, २४ कोटी होत नाहीत.

वरिष्ठांशी वाद घालण्याची गरज नाही. निव्वळ बेरजेची व्याख्या छापील स्वरूपात त्यांच्यासमोर ठेवा आणि त्या आठवड्याचा आकडा दुरुस्त करून घ्या. तुमच्या तक्त्यावरून तिकडे कोणीतरी मदत केंद्रावर किती माणसे बसवायची आणि जाहिरात कोणत्या राज्यात वाढवायची, हे ठरवत असणार.

प्रश्न : राज्याचा आकडा घटला, म्हणजे तितके लोक विम्याविना राहिले असे समजावे का? (एक निवृत्त वाचक, कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : समजू नये. बाजारपेठेतून बाहेर पडणारा माणूस नोकरीच्या विम्यात, वयाची ६५ वर्षे झाल्यामुळे मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात किंवा उत्पन्न घटल्यामुळे मेडिकेड या कमी उत्पन्न गटाच्या सरकारी योजनेत गेलेला असू शकतो. मेडिकेडची नोंदणी वर्षभर चालू असते आणि राज्यागणिक तिचे नाव बदलते. कॅलिफोर्नियात ती ‘मेडी-कॅल’ असते, न्यू जर्सीत ‘एनजे फॅमिलीकेअर’. उलट दिशेनेही हेच लागू पडते. महासाथीच्या काळात मेडिकेडमधून कोणाचे नाव काढायचे नाही, असा नियम होता. तो ३१ मार्च २०२३ ला संपला, राज्यांनी पात्रता पुन्हा तपासायला सुरुवात केली आणि वगळलेल्यांपैकी अनेक जण बाजारपेठेत आले. २०२४ च्या विक्रमी वाढीत त्यांचाही वाटा होता, आणि ती माणसे मुळात विम्याविना नव्हती. विमा नसलेल्यांचे प्रमाण तिकडचा जनगणना विभाग स्वतंत्र सर्वेक्षणातून काढतो. २०२३ मध्ये ते सुमारे ८ टक्के होते.

प्रश्न : मुलगा एच-१बी व्हिसावर टेक्सासमध्ये आहे. कंपनी बदलताना मधले दोन महिने त्याला विमा नव्हता. त्याला बाजारपेठेतून विमा घेता आला असता का? आम्ही दोघे सहा महिन्यांसाठी जाणार आहोत; आम्हाला घेता येईल का? (एक दांपत्य, खारघर, नवी मुंबई)

उत्तर : मुलाला घेता आला असता. एच-१बीधारक हा कायदेशीर वास्तव्य असलेला रहिवासी धरला जातो आणि नोकरीचा विमा सुटल्यामुळे त्याला ६० दिवसांची विशेष मुदतही मिळाली असती. टेक्सासची स्वतःची बाजारपेठ नाही, म्हणून अर्ज केंद्राच्या संकेतस्थळावर करावा लागतो. पुढचा बदल मात्र त्याने आताच लक्षात घ्यावा : जुलै २०२५ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून हप्त्यावरील अनुदान ग्रीन कार्डधारक आणि इतर मोजक्याच गटांतील परकीयांपुरते मर्यादित होत आहे. एच-१बीधारक त्या यादीत नाहीत. त्यांना विमा घेता येईल, पण संपूर्ण हप्ता भरून. त्यातच केंद्राच्या संकेतस्थळाची मुदत २०२७ च्या विम्यापासून १५ डिसेंबरलाच संपवण्याचा नियम झाला आहे. येत्या मोसमात आकडे खाली आले, तर मुदत आखडल्यामुळे किती आणि अनुदान गेल्यामुळे किती, हे वेगळे काढणे कठीण जाईल.

तुम्हा दोघांविषयी : बाजारपेठेतील विम्यासाठी त्या राज्याचे रहिवासी असावे लागते, आणि भेटीसाठी गेलेला माणूस रहिवासी ठरत नाही. तुम्ही निघण्यापूर्वी प्रवासविमा घ्यावा आणि त्यात जुन्या आजाराविषयीचे कलम नीट वाचावे. ज्या पालकांना ग्रीन कार्ड मिळाले आहे, पण पाच वर्षे झालेली नाहीत, त्यांची स्थिती निराळी असते. वय ६५ च्या पुढे असले तरी त्यांना मेडिकेअर सहसा मिळत नाही, मात्र बाजारपेठेतून विमा घेता येतो.

प्रश्न : आमच्या भागात शिबिर झाले, त्यात आमच्या घरातील पाचही जणांची आयुष्मान कार्डे निघाली. ‘आभा’ क्रमांकही मिळाला. इतक्या हजार लोकांना विमा मिळाला, असा फलक नंतर चौकात लागला. आम्हाला प्रत्येकी पाच लाख मिळणार का? आणि अमेरिकेसारखी नोंदणीची शेवटची तारीख आपल्याकडे आहे का? (एक वाचक, कळवा, ठाणे)

उत्तर : शेवटची तारीख नाही, आणि हा दोन पद्धतींतील मूलभूत फरक आहे. तिकडे माणूस योजना निवडतो, हप्ता भरतो आणि मग विमाधारक होतो. इकडे पात्रता सरकारी यादी किंवा शिधापत्रिकेवरून आधीच ठरलेली असते. कार्ड हा त्या पात्रतेचा पुरावा असतो. म्हणून चौकातल्या फलकावरील आकडा निघालेल्या कार्डांचा असतो. ज्यांची कार्डे निघाली, त्यांतील बहुतेक पात्र आधीपासूनच होते.

पाच लाख प्रत्येकी नाहीत. कार्ड माणशी असते आणि रक्कम कुटुंबाला वर्षाकाठी असते. तुमच्या घरात पाच कार्डे असली, तरी पाच जणांना मिळून पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. घरात ७० वर्षांवरील कोणी असेल, तर ऑक्टोबर २०२४ अखेरीस सुरू झालेल्या तरतुदीनुसार त्यांना उत्पन्नाची अट न लावता ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळते, आणि कुटुंब आधीच योजनेत असल्यास ज्येष्ठांसाठी पाच लाखांचे वेगळे संरक्षण मिळते; ते काढून घ्यावे. ‘आभा’ हा मात्र विमा नाही. तो १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक आहे, तपासण्या आणि औषधोपचारांच्या नोंदी जोडण्यासाठी. रुग्णालयाच्या खिडकीवर आभा क्रमांक दाखवून कोणी पैसे माफ करत नाही. हा गैरसमज मी अनेक घरांत पाहिला आहे आणि त्यामुळे ऐन वेळी माणसांची फार तारांबळ होते, म्हणून इतके स्पष्ट लिहितो.

महाराष्ट्राचा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे, कारण येथे दोन योजना एकत्र चालतात. राज्याची योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत रायगड होता, ठाणे नव्हता. म्हणजे त्या काळी पनवेल-खारघरच्या कुटुंबाला जी सोय होती, ती वाशी-ऐरोलीच्या कुटुंबाला नव्हती, कारण नवी मुंबई म्हणून आपण ज्याला ओळखतो तो परिसर दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबवली जाते. पूर्वी प्रामुख्याने पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपुरती असलेली ही योजना २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली. त्यामुळे २०२३ च्या आणि २०२५ च्या लाभार्थ्यांची संख्या शेजारी ठेवून वाढ सांगणे, हे पालघरसह आणि पालघरविना ठाणे मोजण्यासारखेच होईल. नवी मुंबईचा म्हणून जो आकडा दिला जातो, त्यात रायगडचा भाग धरला आहे का, हेही विचारावे लागते.

आपल्या भागात योजना कशी चालते हे पाहायचे असेल, तर कार्डांच्या संख्येपेक्षा तीन गोष्टींची माहिती मागावी, असे माझे मत आहे. तुमच्या भागातील किती रुग्णालये योजनेत आहेत, त्यांनी वर्षभरात किती रुग्णांवर योजनेतून उपचार केले आणि पूर्वपरवानगीसाठी पाठवलेल्या प्रकरणांपैकी किती नाकारली गेली. ही माहिती नगरसेवकाने किंवा एखाद्या संस्थेने जिल्हा पातळीवर मागितली, तर शिबिरात राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कष्टांचे चीज होते की नाही, तेही कळेल.

तुमच्यासाठी तातडीचे एवढेच : पाचही कार्डांवरील नावे आणि जन्मतारखा आधार व शिधापत्रिकेशी ताडून पाहा आणि फरक असल्यास आत्ताच दुरुस्त करून घ्या, कारण रुग्ण दाखल झाल्यावर यासाठी धावाधाव करायला वेळ नसतो. नियोजित शस्त्रक्रिया असेल, तर आधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा आणि ते रुग्णालय योजनेत आहे का, एवढेच विचारून थांबू नका. त्या विशिष्ट आजाराच्या उपचारासाठी ते योजनेत आहे का, हे विचारा. एकच रुग्णालय हृदयविकारासाठी योजनेत असते आणि हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी नसते, असे होऊ शकते. आरोग्यमित्र जागेवर नसेल, तर राज्य योजनेचा १५५३८८ आणि केंद्राच्या योजनेचा १४५५५ हे निःशुल्क क्रमांक आहेत.